बालशिक्षिका : तिचे शिक्षण आणि तिचा पगार



चार वर्षांच्या मुलासमोर सहा चिंचोके ठेवून मोजायला सांगितले, की बहुतेक वेळा एक गंमत दिसते. तोंड पुढे धावते, बोट मागे रेंगाळते. ‘एक, दोन, तीन’ करत स्वारी आठवर पोचते तेव्हा बोट अजून पाचव्या चिंचोक्यावर असते. घरातले मोठे माणूस लगेच म्हणते, ‘आठ नाही रे, सहा!’ मूल शहाण्यासारखे ‘सहा’ म्हणते आणि पुढच्या खेपेला पुन्हा आठच मोजते. काम शिकलेली बालशिक्षिका उत्तराला हात लावत नाही. ती मुलाच्या पुढ्यात पत्र्याचा रिकामा डबा ठेवते आणि एकेक चिंचोका उचलून त्यात टाकायला लावते. चिंचोका पडला की आवाज होतो आणि आवाज झाला की आकडा म्हणायचा. आता तोंडाला हातासाठी थांबावे लागते. एका वस्तूला एकच आकडा, ही एक गोष्ट. शेवटी म्हटलेला आकडा सगळ्या वस्तूंचा असतो, ही दुसरी. मोठ्यांना या दोन्ही एकच वाटतात, पण मूल त्या वेगवेगळ्या वेळी शिकते. पहिली आली म्हणून दुसरी आली असे होत नाही, आणि मूल नेमके कुठे अडले आहे हे ओळखणे हाच बालशिक्षिकेचा धंदा.

हे ओळखणे जन्मजात येते का? आईपण आले की आपोआप येते का? ‘लहान मुलांना काय शिकवायचे असते? चार गाणी म्हणायची, खाऊ द्यायचा, रडले तर उचलून घ्यायचे,’ हा समज अजून पुष्कळ घरांत आणि बऱ्याच कचेऱ्यांत आहे. याच समजातून दोन निष्कर्ष निघाले. काम सोपे, म्हणून प्रशिक्षण थोडे पुरे. काम सोपे, म्हणून पैसेही थोडे पुरेत. बालशिक्षिकेचे प्रशिक्षण आणि तिचा मोबदला हे विषय सरकारदरबारी वेगवेगळ्या फायलींत फिरतात. पण दोन्ही फायली एकाच समजाच्या पोटी जन्मल्या, आणि एक हलवल्याशिवाय दुसरी हलत नाही, असे या विषयाच्या इतिहासावरून दिसते.

तो इतिहास महाराष्ट्रात तरी प्रशिक्षणापासूनच सुरू होतो. ताराबाई मोडक या मुळात शिक्षिका घडवणाऱ्या शिक्षिका. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे जाण्यापूर्वी त्या राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. गिजुभाईंनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते आणि मॉन्टेसरी पद्धतीला भारतीय घराचे वळण देण्याचा खटाटोप चालवला होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार उभे केले. या माणसांच्या कामाचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. बालमंदिर काढायचे तर त्याच्या शेजारी शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर हवे आणि शिक्षकांशी बोलणारे मासिक हवे, असे त्यांनी मानले. ‘शिक्षणपत्रिका’ त्यातूनच निघाली. मुलांची संख्या वाढवायची आणि शिकवणारी माणसे मागाहून पाहू, असा उलटा व्यवहार त्यांनी केला नाही.

१९४५ मध्ये ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ पुण्याच्या हुजूरपागा शाळेतली नोकरी सोडून त्यांच्या मदतीला आल्या. तिथे शहरी बालमंदिराची गणिते चुकली. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात. मोठी भावंडे लहानांना कडेवर घेऊन गुरे राखत, आईबाप मजुरीला जात. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी मुलांच्या अंगणात जाईल, असे ठरले. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. आज तो देशभर चालतो, कागदोपत्री इंग्रजीतही तसाच लिहितात. मॉन्टेसरीचे महागडे लाकडी साहित्य परवडणारे नव्हते, तेव्हा शंखशिंपले, बिया, दगड, पाने, काड्या पुढे आल्या. शिक्षिका पाड्यावर पोचल्यावर आधी मुलांची तोंडे धुवायची, केस विंचरायची, मग गाणे आणि खेळ. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात नांदली, तिचे नाव विकासवाडी. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

साहित्य स्वस्त झाले तेव्हा शिक्षिका मात्र अधिक तयारीची लागली, हा बोर्डी-कोसबाडचा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित धडा. मॉन्टेसरीचा गुलाबी मनोरा स्वतःच मुलाची चूक दाखवतो, ठोकळा चुकला की मनोरा वेडावाकडा दिसतो. मूठभर बिया असे काही सांगत नाहीत. ते सांगण्याचे काम शिक्षिकेच्या डोळ्यांवर येऊन पडते. बियांनी आज काय करायचे, कोणत्या मुलाला किती द्यायच्या, कोणते मूल रंगाने वेगळ्या करते आणि कोणते आकाराने, हे तिने पाहायचे. कमी खर्चाचे बालशिक्षण म्हणजे कमी शिकलेल्या बाईने चालवलेले बालशिक्षण, असा अर्थ कोसबाडने कधी काढला नव्हता. तो नंतर काढला गेला.

केव्हा? २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि मुंबईतली धारावी हे महाराष्ट्रातले पहिले प्रकल्प. अंगणवाडी हा शब्द योजनेने उचलला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा एका छपराखाली आणल्या. कल्पना दूरदृष्टीची होती. उपाशी मुलाला चिंचोके मोजता येत नाहीत, हे कोणीही मान्य करील. पण सहा सेवांच्या यादीत शिक्षण सहावे आले आणि व्यवहारातही ते सहावेच राहिले. आहार मोजता येतो, वजन मोजता येते, लस दिली की खूण करता येते. मुलाचे बोट आणि तोंड जुळले की नाही, याचा रकाना कोणत्या नोंदवहीत असणार?

आणि या बाईला नाव काय दिले? शिक्षिका नाही, ‘सेविका’. तिला मिळते ते काय? वेतन नाही, ‘मानधन’. योजनेच्या आरंभी मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० रुपये आणि न झालेलीला १०० रुपये ठरले. गावातली बाई आहे, गावासाठी अर्धा दिवस काम करते, तिचा मान राखू, ही भूमिका. मानधन हा शब्द तसा चांगलाच आहे. व्याख्यानमालेत वक्त्याला देतात ते मानधन. वक्ता एक संध्याकाळ येतो, बोलतो, नारळ आणि पाकीट घेऊन घरी जातो. अंगणवाडी सेविका सकाळी दार उघडते, आहार शिजवून घेते, मुलांची वजने करते, गरोदर बायांच्या घरी जाते आणि हे तीसतीस वर्षे करते. निवडणूक आली की मतदार यादीचे काम तिच्याकडे, नवी योजना निघाली की पाहणी तिच्याकडे. २०२४ मध्ये ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरायला बाया तिच्याच दारात उभ्या होत्या, आणि त्या कामाचा दर अर्जामागे ५० रुपये ठरला. असा हिशेब वक्त्याला लावायचा झाला, तर एकही व्याख्यानमाला चालणार नाही.

आकडे थोडे तपशिलात पाहावे लागतील, कारण यातला घोळ आकड्यांतच दडलेला आहे. केंद्राने ठरवलेले सेविकेचे मानधन एप्रिल २०११ मध्ये ३,००० रुपये झाले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ४,५०० रुपये. पुढे कित्येक वर्षे हा आकडा हलला नाही. त्यातही केंद्राचा वाटा ६० टक्के, म्हणजे २,७०० रुपये. त्यावरचे सगळे राज्याने घालायचे. परिणामी सेविकेचे मानधन ती कोणत्या राज्यात काम करते यावर अवलंबून राहते. महाराष्ट्रात २०२३ च्या फेब्रुवारीतल्या संपानंतर ते ८,३२५ वरून १०,००० रुपये झाले आणि अंगणवाडीतल्या मदतनिसांचे ४,४२५ वरून ५,५०० रुपये. त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून पुन्हा संप झाला, तो पन्नासहून अधिक दिवस चालला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेविकांना १३,००० आणि कामगिरीवर मिळणारा २,००० रुपयांपर्यंतचा भत्ता, मदतनिसांना ७,५०० आणि १,००० रुपयांपर्यंतचा भत्ता, असा निर्णय झाला. वाढ झाली, हे खरे. ती बहुतेक वेळा रस्त्यावर बसून आणि निवडणुकीच्या तोंडावर झाली, हेही खरे.

आता शेजारची शाळा पाहावी. अनेक गावांत अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा एकाच आवारात असतात, मध्ये कुंपणसुद्धा नसते. शाळेतल्या नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणतात आणि मानधनच देतात. प्राथमिक स्तरावर ते २०२३ पासून १६,००० रुपये आहे. तीन वर्षे झाली की तो शिक्षक होतो, सातव्या वेतन आयोगाप्रमाणे २९,२०० रुपये मूळ वेतनावर येतो, महागाई भत्ता वेगळा. त्याच्या नावातला ‘सेवक’ तीन वर्षांत गळून पडतो. त्याच आवारातल्या अंगणवाडीतल्या बाईच्या नावातली ‘सेविका’ निवृत्तीपर्यंत जात नाही. सहा वर्षांच्या मुलाला शिकवले की शिक्षण आणि पाच वर्षांच्या मुलाला शिकवले की सेवा! वाढदिवसाच्या एका रात्रीत मुलात असा काय फरक पडतो?

फरक मुलात नाही, कायद्यात आहे. शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा वयाचा. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालच्या मुलांचे संगोपन आणि शिक्षण कलम ४५ मध्ये ठेवले, म्हणजे राज्याने त्यासाठी ‘प्रयत्न’ करायचा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या ११ व्या कलमातही तीन ते सहा वयासाठी सोय ‘करता येईल’ असा सूर आहे. हक्काच्या शिक्षणाला शिक्षक लागतो. प्रयत्नाच्या शिक्षणाला सेविका चालते.

न्यायालयांतही हा प्रश्न दोन वेगळ्या वळणांवर गेला. कर्नाटकातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवले, की अंगणवाडी सेविका हे नागरी सेवेतले पद नाही. सरकारी कर्मचारी म्हणवून घेण्याचा मार्ग तिथे अडला. गुजरातमधल्या सेविकांच्या प्रकरणात मात्र २५ एप्रिल २०२२ रोजी न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने १९७२ चा उपदान कायदा, म्हणजे ग्रॅच्युइटी, सेविका आणि मदतनिसांना लागू असल्याचा निकाल दिला. अंगणवाडी ही त्या कायद्याच्या अर्थाने आस्थापना ठरली, आणि मानधन म्हटले तरी ते वेतनच ठरले. हे काम अर्धवेळ आहे हा युक्तिवाद टिकला नाही. महाराष्ट्रात तोवर निवृत्त होणाऱ्या सेविकेला एकरकमी एक लाख रुपये देऊन बोळवण होत असे. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात सेविका-मदतनिसांना आयुष्मान भारतचे आरोग्य कवच जाहीर झाले. तुकड्यातुकड्यांनी वेतनाची एकेक खूण येते आहे, वेतन हा शब्द तेवढा येत नाही.

आता दुसरी फाइल, प्रशिक्षणाची. योजनेत सेविकेच्या प्रशिक्षणाची सोय होती, अंगणवाडी प्रशिक्षण केंद्रे होती. तिथला मुख्य अभ्यासक्रम पुढे २६ कामकाजाच्या दिवसांवर आला. सहाही सेवा त्यात बसवायच्या.  मुलाच्या वाट्याला मग गाणी आणि तक्ते आले. गाणी चांगलीच, पण गाणे केव्हा थांबवायचे हे कोण शिकवणार?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि अंगणवाडीला प्रथमच शाळेच्या रचनेत जागा दिली. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका, असे धोरण म्हणते. हे शिक्षण मुख्यतः दूरचित्रवाणी आणि मोबाइलवरून आणि महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग. मे २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि सेविकांच्या तुकड्यांना प्रशिक्षण मिळू लागले. महाराष्ट्राचा ‘आकार’ हा अभ्यासक्रम त्याआधीपासून अंगणवाड्यांत होता. नव्या सेविकेसाठी राज्याने बारावीची अटही घातली. कागद भक्कम आहे.

कागदावरून अंगणात येताना काय होते? मोबाइलचेच पाहा. २०२१ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. फोन जुने झाले होते, तापत, मध्येच बंद पडत. ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागे. दुरुस्तीचा खर्च बाईच्या पदरचा. ज्या यंत्रावर तिने नोंदी ठेवायच्या, त्याच्यावरच तिने पुढे पदविका करावी, असा बेत. अ‍ॅपवर मुलाचे नाव चढते, मूल चिंचोके कसे मोजते हे अ‍ॅपवर दिसत नाही, आणि शिक्षिकेलाही ते पडद्यावर शिकता येत नाही. ते दुसऱ्या कसबी शिक्षिकेच्या शेजारी बसून, एका खऱ्या मुलाकडे दोघींनी पाहत शिकायचे असते. कोसबाडला तसे शिकवत. अनुताई आणि रमेश पानसे यांनी १९८२ मध्ये उभ्या केलेल्या ग्राममंगलनेही हीच वाट धरली.

धारणीकडे जरा थांबावे. तिथल्या मुलाच्या घरात कोरकू बोलतात. अंगणवाडीत मराठी बडबडगीत म्हटले तर मूल टाळ्या वाजवते, ओठ हलवते, पण गाण्यातले शब्द त्याचे नसतात. अशा ठिकाणी सेविका कोरकू बोलणारी असणे ही शिक्षणाची पहिली अट. ती गावातलीच हवी, या जुन्या नियमाचा हा खरा फायदा. पण तिच्यापर्यंत पोचणारे प्रशिक्षण मराठीत, फोन इंग्रजीत आणि मूल कोरकूत, अशी तीन मजली इमारत २०२१ मध्ये तिला एकटीने चढावी लागत होती.

इथवरचे दोन मुद्दे शेजारी ठेवले की गाठ दिसते. सेविका पदविका करील. करून काय होईल? मानधन वाढेल? पद बदलेल? शेजारच्या शाळेची दारे उघडतील? यातल्या कशाचेही ठाम उत्तर नसेल, तर वर्षभराची पदविका म्हणजे तिच्या डोक्यावरचे सातवे काम. शिवाय ती वर्गाला तालुक्याला गेली, त्या दिवशी अंगणवाडी कोणी उघडायची? एसटीचे भाडे कोणी द्यायचे? प्रशिक्षणाचा खर्च म्हणजे प्रशिक्षकाची फी आणि सभागृहाचे भाडे, असे अंदाजपत्रकात दिसते. शिकणाऱ्या बाईचा बुडालेला वेळ त्यात नसतो.

ही गाठ सोडवण्याचे प्रयोग जगात झाले आहेत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९९० मध्ये ‘टीच’ नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. तिची रचना साधी. बालशिक्षिकेच्या शिक्षणाचा खर्च शिष्यवृत्ती, तिची संस्था आणि थोडा ती स्वतः, असे तिघांनी वाटून घ्यायचा. अभ्यासासाठी भरपगारी सुटीचे तास द्यायचे. ठरलेले शिक्षण पूर्ण झाले की पगारवाढ किंवा ठोक रक्कम मिळते, आणि त्या बदल्यात शिक्षिकेने ठरावीक काळ त्याच संस्थेत राहायचे. शिक्षण आणि पैसा एकाच करारात बांधले, हे त्यातले मर्म. बालशिक्षणावरचा रुपया समाजाला अनेक पटींनी परत मिळतो, हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक परिषदेत ऐकू येते. त्याच्या मुळाशी मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावचा १९६२ साली सुरू झालेला पेरी बालशाळेचा अभ्यास असतो. त्या शाळेतल्या शिक्षिका पदवीधर आणि प्रशिक्षित होत्या, आणि त्यांना सरकारी शाळेच्या शिक्षकांइतका, किंबहुना किंचित जास्त पगार होता, हे मात्र परिषदेत कोणी सांगत नाही. फळाचा आकडा सगळे घेतात, खताचा कोणी विचारत नाही.

खाजगी नर्सरी आणि केजीची शिक्षिका या सगळ्या हिशेबाच्या बाहेरच आहे. इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, रंगीत भिंतींआड शिकवणाऱ्या त्या बाईला ना श्रेणी, ना मोर्चा. तिचा पगार फीवर ठरतो आणि उन्हाळ्याच्या सुटीत अनेक ठिकाणी थांबतो. पालक फी देताना अक्षरे मागतात, म्हणून तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल येते. बोटांना आधी मणी ओवायचे असतात, कणीक मळायची असते, चिमटीत ताकद यायची असते, हे शिक्षिकेला माहीत असले तरी ती मालकाला आणि पालकाला सांगेल कशाच्या बळावर? पदविकेचा कागद आणि नोकरीची शाश्वती असेल तरच ‘अजून सहा महिने थांबा’ म्हणण्याची हिंमत येते.

अंगणवाडीत निदान वर जाण्याची एक शिडी कागदावर आहे. सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसांतून आणि पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा अनुभवी सेविकांतून भराव्यात, असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पात्रतेचा अभ्यासक्रम, त्यासाठी सुटी आणि वाढीव पगार या शिडीच्या पायऱ्यांना जोडले, तर दोन्ही फायली एका टेबलावर येतात. पण त्यासाठी सर्वांत खालच्या पायरीवर कोण उभे आहे ते पाहावे लागेल. सकाळी अकराच्या सुमारास कोणत्याही अंगणवाडीत डोकावले, तर सेविका दारापाशी, जिथे रेंज मिळते तिथे, मोबाइल धरून मुलांची हजेरी चढवताना दिसण्याची शक्यता बरीच. आत सतरंजीवर मुलांमध्ये बसलेली असते ती मदतनीस. खिचडी उतरवून, हात पुसत आलेली. चिंचोक्यांचा डबा तिच्या मांडीजवळ असतो, आणि प्रशिक्षणाचा सगळा आराखडा सेविकेभोवती आखलेला असल्यामुळे त्या डब्याचे काय करायचे, हे तिला आजवर कोणी सांगितलेले नसते.